आधी मुले मोजा, मग उपकरणे

समाजाच्या शाळेला कुणी देणगी दिली की तिचे काय करायचे हे ठरायला फार वेळ लागत नाही. नवी वर्गखोली, पाण्याची टाकी, संगणक, हल्ली स्मार्ट बोर्ड. प्रयोगशाळेचा नंबर शेवटी लागतो आणि लागलाच तर "एक चांगला संच मागवून टाका" एवढ्यावर विषय संपतो. संच येतो, देणगीदारांसोबत फोटो निघतो, संच काचेच्या कपाटात जातो. पुढच्या वर्षी तपासणीला माणसे आली की कपाट उघडते.

आम्ही तिघे भौतिकशास्त्राचे शिक्षक. एक निवृत्त झालेले, दोघे अजून नोकरीत. कोकणातल्या आपल्या काही शाळांना आणि ज्युनियर कॉलेजांना मेकॅनिक्सची, म्हणजे गती, बल आणि वजन-मापे या भागाची उपकरणे निवडायला आम्ही मदत करतो. हा मजकूर लिहिताना समोर दोन प्रकारचे वाचक आहेत: शाळेच्या कमिटीवर बसणारे आणि ज्यांची मुलेमुली नववी ते बारावीत आहेत असे आईवडील. दुसऱ्यांची संख्या अर्थातच जास्त.

सुरुवात मेकॅनिक्सपासून का, तर हा भाग सर्वांत स्वस्त आहे. त्याला वीज जवळजवळ लागत नाही, रसायने लागत नाहीत, आणि पुढचे सगळे भौतिकशास्त्र याच्यावर उभे आहे. मोजणे म्हणजे काय, मोजताना चूक किती होते, ती कमी कशी करायची, हे मूल इथे शिकले नाही तर विजेच्या प्रयोगात मीटरचा काटा वाचूनही त्याला काही कळत नाही.

बारावीला भौतिकशास्त्राच्या १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. हे गुण बहुतेकांना मिळून जातात, म्हणून कुणाला काळजी नसते. मागच्या वर्षीच्या ताईची जर्नल मिळते, वाचने उतरवली जातात, सही होते. अडचण नंतर येते. आयटीआयच्या पहिल्या महिन्यात, डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये, किंवा आखातात जाण्याआधीच्या ट्रेड टेस्टला कुणीतरी हातात व्हर्नियर ठेवतो आणि म्हणतो, "वाच." त्या वेळी जर्नल कामाला येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांना जास्त लागू आहे. दहावीपर्यंत मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकलेली मुले अकरावी सायन्सला गेली की बहुतेक ठिकाणी एकदम इंग्रजीत पडतात. पहिले सहा महिने वर्गात काय चालले आहे तेच समजत नाही. प्रयोगाच्या टेबलावर मात्र ही भिंत बुटकी होते. स्प्रिंगला वजन लावले की ती लांबते, दुप्पट लावले की दुप्पट लांबते, हे बघायला कुठलीच भाषा लागत नाही. आधी डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीचे इंग्रजी नाव मग लवकर बसते.

एक भारी की आठ साधी?

एका शाळेच्या बैठकीत कमिटीतले एक बुजुर्ग आम्हाला म्हणाले, "सर, पैसे आहेत तर एकच पण भारी वस्तू घ्या ना. गावातली माणसे बघायला येतील." त्यांच्या मनात एअर ट्रॅक होता. लांब पट्टी, खालून हवा सुटते, तिच्यावर गाडी जवळजवळ घर्षणाशिवाय सरकते. वस्तू खरोखर देखणी. दोन गाड्यांच्या टकरीतून संवेग कसा टिकतो हे तिच्यावर फार छान दिसते.

आम्ही विचारले, "चाचा, तुकडीत मुले किती?"

"चोवीस-पंचवीस."

"मग एअर ट्रॅकवर एका वेळी हात किती लागणार?"

ते हसले आणि म्हणाले, "सरांचेच."

मुद्दा तोच आहे. खरेदीची यादी करायच्या आधी कागदावर तुकडीतली मुले लिहा आणि त्याला तीनने भागा. चोवीस मुले असतील तर आठ गट. आठ गटांना एकाच वेळी पुरेल एवढे एका प्रयोगाचे सामान, ही खरेदीची पहिली कसोटी. तिघांच्या गटात एक मोजतो, एक लिहितो, एक तपासतो आणि मग जागा बदलतात. सहाजणांच्या गटात दोघे मोजतात आणि चौघे खिडकीबाहेर बघतात. एका एअर ट्रॅकच्या आणि त्याच्या ब्लोअरच्या पैशांत आठ गटांसाठी व्हर्नियर, स्क्रू गेज, लंबक, स्प्रिंग आणि वजने येतात, वर थोडे उरतात.

याला अपवाद आहेत. यंगचा गुणांक काढायचे सर्लचे उपकरण छताला टांगावे लागते. ते एक पुरे, गट पाळीपाळीने करतील. स्फेरोमीटर दोन पुरेत. 'चाळीस प्रयोगांची पेटी' म्हणून जे मिळते ते मात्र आम्ही कधी सुचवत नाही. त्यात प्रत्येक वस्तू एकेकच असते आणि एक हरवली की पाच प्रयोग बंद पडतात.

पैसे देण्याआधी

शाळेसाठी येणाऱ्या उपकरणांपैकी फार मोठा वाटा हरियाणातल्या अंबाला छावणीच्या कारखान्यांत तयार होतो. तिथे उत्तम मालही बनतो आणि कसाबसा मालही. आपल्या जिल्ह्यातला दुकानदार दोन्ही मागवू शकतो. आपण काय मागतो त्यावर आहे. तीन कोटेशने मागवायची पद्धत आहे आणि सोसायटीच्या हिशेबासाठी ती हवीच. पण सर्वांत कमी दर बघून सही करण्याआधी प्रत्येकाकडून एकेक नमुना मागवा आणि टेबलावर ठेवून तपासा. त्याला कुठली मोठी यंत्रणा लागत नाही.

व्हर्नियर घ्या. जबडे पूर्ण मिटा आणि उजेडाकडे धरा. मधून प्रकाशाची रेघ दिसली तर परत करा. मग शून्याला शून्य जुळते का बघा. थोडा फरक असला तर चालेल, उलट मुलांना शून्य त्रुटी शिकवायला तो उपयोगीच पडतो, पण तो दर वेळी तेवढाच आला पाहिजे. प्रत्येक वेळी वेगळा फरक दाखवणारा व्हर्नियर कुणालाच काही शिकवत नाही. शाळेच्या साध्या व्हर्नियरचे लघुत्तम माप ०.१ मिलिमीटर आणि स्क्रू गेजचे ०.०१ मिलिमीटर असते. स्क्रू गेजचा टोकाचा रॅचेट 'टक टक' वाजला पाहिजे. तो नीट फिरत नसेल तर मुले स्क्रू आवळतात आणि दोन महिन्यांत आटे जातात.

आमची आवडती चाचणी पोलादी छऱ्यांची आहे. बेअरिंगच्या दुकानातून पाव इंची छर्रे आणा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि हे छर्रे शाळेच्या कुठल्याही उपकरणापेक्षा जास्त अचूक घडवलेले असतात. आठही स्क्रू गेजने तोच छर्रा मोजा आणि शून्य त्रुटी वजा करा. उत्तर ६.३५ च्या आसपास, शंभराव्या भागात एखाददुसऱ्या घराच्या फरकाने आले पाहिजे. ज्याचे ६.२० येते तो परत. छर्रे शाळेतच ठेवा, दर वर्षी जूनमध्ये तीच तपासणी करता येते.

वजनांची गोष्ट वेगळी. स्प्रिंगच्या आणि कप्पीच्या प्रयोगात खाचेची वजने वापरतात. ५० ग्रॅमचा हँगर आणि त्याच्यावर ५०-५० ग्रॅमच्या चकत्या. चकतीवर ५० कोरलेले असते म्हणून ती ५० ग्रॅमची असतेच असे नाही. एका शाळेत आलेल्या चकत्या आम्ही मोहल्ल्यातल्या सोनाराच्या काट्यावर ठेवल्या. त्यांतल्या काही ४६ भरल्या, एक ५३. पुरवठादाराने मुकाट्याने बदलून दिल्या, कारण पैसे अजून द्यायचे होते. व्यापारी काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाची मुद्रा असावीच लागते आणि सोनाराच्या काट्याचा बारीकपणा शाळेच्या कामाला हवा त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. तासभर त्याच्या दुकानात बसा, चहा तोच पाजेल.

स्प्रिंगसाठी पट्टी आणि दर्शक लावून खाली रिकाम्या स्प्रिंगची जागा टिपा. मग ५०० ग्रॅम लावा, पाच मिनिटे तसेच ठेवा, काढा. दर्शक जुन्या जागी परतला पाहिजे. दोन मिलिमीटर खाली राहिला तर ती स्प्रिंग मऊ आहे, महिन्याभरात सैल होईल. सुमारे अर्ध्या किलोला वीस सेंटिमीटरच्या आसपास लांबणारी स्प्रिंग मुलांना वाचायला सोपी जाते. जाड, ताठ स्प्रिंग टिकते खूप, पण तिची लांबी वाढलेली दिसतच नाही.

पैसे जिथे खरोखर जास्त घालावेत ती वस्तू म्हणजे कप्पी. बलांचा समांतरभुज चौकोन दाखवायचा ग्रेव्हसँडचा फळा प्रत्येक शाळेत असतो. अठराव्या शतकातल्या डच प्राध्यापक ग्रेव्हसँडे यांच्या नावावरून तो ओळखला जातो. फळा कसाही असला तरी चालतो, कप्प्या चालल्या पाहिजेत. कप्पीवरून दोरा टाकून दोन्ही बाजूंना १००-१०० ग्रॅम लावा. मग एका बाजूला एकेक युपिन अडकवत जा. ग्रॅम-दोन ग्रॅमला कप्पी हलली तर चांगली. दहा ग्रॅम टाकावे लागले तर तिच्यात एवढे घर्षण आहे की प्रयोगाचे उत्तर कधीच जुळणार नाही, आणि मुलाला वाटेल की आपलेच चुकले. फळ्यावर आणखी एक तपासणी आहे. मधली गाठ बोटाने बाजूला ओढून सोडा. ती दर वेळी दोन-तीन मिलिमीटरच्या आत त्याच जागी परतली पाहिजे. घर्षण असलेल्या फळ्यावर गाठ जिथे सोडाल तिथेच बसते. मग शिक्षकाला हवा तिथे कागदावर बिंदू काढता येतो. जर्नलमधली उत्तरे इतकी सुंदर का येतात त्याचे हे एक कारण.

दोरा आणि गोळा

सगळ्या यादीतून एकच प्रयोग निवडा असे कुणी सांगितले तर आम्ही लंबक निवडू. धातूचा गोळा, न ताणणारा दोरा, पक्का स्टँड, चिरलेला बुचाचा तुकडा, मीटरपट्टी आणि स्टॉपवॉच. यापेक्षा कमी सामानात पृथ्वीच्या ओढीचे माप दुसरीकडे कुठे मिळत नाही.

एक मीटरच्या लंबकाला एका पूर्ण झोक्याला साधारण दोन सेकंद लागतात. मुलाने एकच झोका मोजला तर बटण दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होतातच. दोन सेकंदांत ०.२ म्हणजे दहा टक्के, आणि सूत्रात वेळेचा वर्ग असल्याने उत्तरात ती चूक जवळजवळ वीस टक्के होते. वीस झोके मोजले तर ४० सेकंदांत तेवढीच ०.२ सेकंदांची चूक अर्धा टक्का होते आणि उत्तरात एक टक्का. म्हणजे हजारो रुपयांचे प्रकाशकिरणावर चालणारे टायमर न घेता साध्या डिजिटल स्टॉपवॉचने तेच साधते, फक्त धीर धरून वीसपर्यंत मोजावे लागते. हे जेव्हा मुलांच्या लक्षात येते तेव्हा ती एकमेकांकडे बघून हसतात. आम्ही हे पुष्कळदा पाहिले आहे आणि दर वेळी बरे वाटते.

पुस्तकात गुरुत्व त्वरण ९.८ लिहिलेले असते. कोकण किनाऱ्यावर ते ९.७८५ च्या आसपास आहे. पृथ्वी विषुववृत्ताजवळ थोडी फुगलेली आहे आणि फिरते आहे, म्हणून आपल्याकडे ध्रुवांपेक्षा ते कमी. मुलीने प्रामाणिकपणे मोजून ९.७२ आणले आणि जर्नलमध्ये ९.८ लिहायला लावले, तर तिला आपण भौतिकशास्त्राऐवजी दुसरेच काही शिकवले. ९.७२ च लिहू द्या आणि विचारा, कुठे गेले? बहुतेक वेळा लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न घेता हुकपर्यंतच घेतलेली असते. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्यात सव्वा सेंटिमीटर राहून गेले तर उत्तर ०.१२ ने कमी येते. म्हणून गोळा घेताना त्याचा व्यास व्हर्नियरने नीट मोजता येईल असा, गोल आणि छोट्या हुकचा घ्यावा. लोंबत्या कडीचे गोळे टाळा.

इथे थोडे विषयांतर. आपल्या जलशांत, व्हॉट्सॲपवर, कधी चांगल्या पुस्तकांतही सांगितले जाते की लंबकाचा शोध इजिप्तच्या इब्न यूनुस यांनी लावला. इब्न यूनुस फार मोठे खगोलशास्त्रज्ञ होते, पण या दाव्याला त्यांच्या लिखाणात आधार नाही. इतिहासकारांनी तपासून तो खोडला आहे. अभिमानाला खरी जागा पाहिजे असेल तर ती तराजूत आहे. अल-ख़ाज़िनी यांनी ११२१ मध्ये मर्व्हला, सुलतान संजरच्या काळात, 'मीझान अल-हिक्मा' हा अख्खा ग्रंथ तराजूवर लिहिला. वस्तू हवेत आणि पाण्यात तोलून धातू अस्सल आहे की भेसळीचा हे कसे ओळखायचे, धातूंची आणि रत्नांची सापेक्ष घनता किती, हे त्यात आहे. आणि हा प्रयोग शाळेत होतो. मीटरपट्टी धारेवर तोलायची, एका बाजूला दगड बांधायचा, दुसऱ्या बाजूला वजन सरकवायचे, मग दगड पाण्याच्या भांड्यात बुडवून वजन पुन्हा सरकवायचे. खर्च जवळजवळ शून्य. काचेच्या पेटीतला फिजिकल बॅलन्स एक असू द्या, ०.१ ग्रॅमचा डिजिटल काटा एक घ्या, पण आठ गटांच्या हातात मीटरपट्टीचा तराजूच द्या.

खिडकीवाल्याकडचा तुकडा

गतीसाठी काय घ्यावे यावर आमच्यातच मतभेद आहेत. निवृत्त सरांना ट्रॉली हवी असते, बाकी दोघांना उतार. उतारासाठी सरकत्या खिडक्या करणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या चॅनलचे दीड-दोन मीटरचे उरलेले तुकडे मागा. तो वजनावर देतो. एका टोकाखाली पुस्तके ठेवा, मार्करने दर दहा सेंटिमीटरला खूण करा आणि गोटी सोडा. गॅलिलिओने १६३८ मध्ये छापलेल्या पुस्तकात हेच वर्णन आहे: लाकडी तुळईत खाच, आत चर्मपत्र, काशाचा गोळा आणि वेळ मोजायला भांड्यातून गळणारे पाणी. वेळ दुप्पट तर अंतर चौपट, हे त्याला पाण्याच्या वजनावरून सापडले. आपल्याकडे शिक्षकांचा मोबाईल आहे. तो स्टँडवर आडवा लावून चित्रण करा. साधारण सेकंदाला ३० चित्रे येतात. एकेक चित्र थांबवून गोटी कुठे आहे ते मुले वाचतील.

फक्त या उतारावरून ९.८ काढायला जाऊ नका. गोटी गडगडते, तिची काही शक्ती फिरण्यात जाते, उत्तर कमी येणारच. अंतर आणि वेळेचे नाते मात्र अगदी स्वच्छ दिसते.

आता पाऊस. हा विषय कॅटलॉगमध्ये नसतो आणि कोकणात सर्वांत महत्त्वाचा आहे. जुलैत बंद कपाटातल्या लोखंडी, वरून चमकवलेल्या व्हर्नियरवर पंधरा दिवसांत तांबडे ठिपके येतात. स्टेनलेस स्टीलचा थोडा महाग पडतो, तोच घ्या. मेच्या शेवटी प्रत्येक धातूची वस्तू शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून ठेवा. मूळ पेटीतला स्पंज ओल धरतो, तो काढून टाका. लाकडी मीटरपट्ट्या भिंतीला टेकून उभ्या ठेवल्या की वाकतात, आडव्या ठेवा. आणि कपाट आठवड्यातून दोनदा उघडा. वापरातल्या वस्तूला गंज कमी लागतो. प्रयोगशाळा सहायकाची जागा बऱ्याच शाळांत रिकामी आहे, तेव्हा हे काम नववीच्या दोन मुलांना नावानिशी द्या. ती नीट करतात, आमचा अनुभव आहे.

आईवडिलांसाठी थोडे. पालकसभेला गेलात की गुणांच्या आधी प्रयोगशाळा बघायला मागा. वस्तूंवर धूळ आहे की बोटांचे ठसे, एवढे बघितले तरी पुष्कळ कळते. घरी मुलीला विचारा, या आठवड्यात तू स्वतःच्या हाताने काय मोजलेस? एकत्र शाळांत आम्ही पुन्हा पुन्हा बघतो की मुलगा स्टॉपवॉच धरतो आणि मुलगी सुंदर अक्षरात वाचने लिहिते. कुणी तसे सांगितलेले नसते, आपोआप होते. ज्या शाळांत आम्ही जातो तिथे जागा बदलायची घंटाच ठेवतो: दहा मिनिटांनी लिहिणारा मोजेल, मोजणारा लिहील. मुलींच्या शाळेत हा प्रश्न येत नाही. तिथे प्रश्न असतो तो सामान मुळात घेतले आहे का, हा.

ऑर्डर मार्चच्या आत द्यावी. अंबाल्याहून माल यायला, छऱ्यांवर आणि सोनाराच्या काट्यावर तपासायला, खराब निघालेला परत पाठवून बदलून यायला एप्रिल आणि मे जातात. ऑर्डरच्या कागदावर नमुन्याप्रमाणेच माल, तपासणीनंतर पैसे, आणि जादा सामान म्हणून दोन स्प्रिंग, चार कप्प्या व एक वजनांचा संच, हे लिहून घ्या. तेलाची बाटली आणि पाव इंची छर्रे स्थानिक दुकानातूनच आणा.